शेपटीचा जोड

माझा धंदा दातांचा. मी डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्या टेबलावर येतं, आणि त्यावरून कवळी, कॅप, ब्रिज जे काय लागेल ते मी बनवते. लातुरात माझी दोन खोल्यांची लॅब आहे. पेशंट मला बघत नाही, मी पेशंटला बघत नाही. भाकरी खाताना कवळी टोचली की शिव्या मात्र थेट माझ्यापर्यंत येतात.

आणि रिकाम्या वेळात मी लढाऊ विमानं बनवते. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या गल्लीनं सहा वर्षं हसून घेतलंय.

लॉकडाऊनमध्ये दवाखाने बंद पडले, लॅबमध्ये एक दात यायचं नाव नाही. मोबाईलवर असंच काहीबाही बघत बसले होते, तर एक माणूस प्लास्टिकच्या इवल्याशा पंखाची कड खरवडून राहिला होता, आणि त्याच्या हातात होती ती मेण कोरायची सुरी. माझीच. म्हणजे तशीच, जी मी रोज दहा तास धरते. मी म्हटलं, हे तर मला येतं. पहिला किट मागवला. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात, चौकटीला लटकलेले शे-दोनशे बारके भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटी बुजवायच्या, परत घासायचे, मग रंग. सगळं खऱ्या विमानाच्या मापात, अठ्ठेचाळीस पट लहान. फूटभर लांबीचं विमान होतं आणि त्यात वैमानिकाची खुर्चीसुद्धा असते, पट्ट्यांसकट.

या कामाचा एकच मोठा नियम आहे: जोड दिसता कामा नये. विमानाचं धड डावं-उजवं अशा दोन फाकांत येतं. त्या चिकटवल्या की पाठीवर आणि पोटाखाली रेघ राहते. खऱ्या विमानाला ती रेघ नसते, म्हणून ती मारायची. पुट्टी भरायची, घासायचं, मग डोळे मिटून नख फिरवायचं. नख अडकलं तर परत घास. हे मला नव्यानं कुणी शिकवावं लागलं नाही. माझं माहेर नांदेडचं, आणि तिथल्या ज्या लॅबमध्ये मी काम शिकले तिथल्या चाचांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटावर पट्टी मारून हेच सांगितलं होतं. चाचांच्या घरात पूर्वीपासून कारागिरी. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील चष्मे करायचे, हे दातांकडं वळले. ते म्हणायचे, "बेटा, डोळा फसतो, नख नाही फसत."

आता मामा. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. माझे मामा औशाजवळच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी विमानदलात भरती झाले, फिटर म्हणून. विमानाच्या धडाची दुरुस्ती हे त्यांचं काम. वीस वर्षांच्या वर मिग विमानांच्या पोटाखाली काढली, पण उडाले एकदाही नाहीत. रिटायर झाल्यावर लातुरात घर बांधलं आणि गावाकडची जमीन धाकट्या भावाबरोबर करायला लागले. बोलणं मोजकं, नजर कडक, आणि कौतुक करायचं तर जणू खिशातून काढून द्यावं लागतं. त्यांची कवळी मी बनवली. सात वेळा परत आली. "टोचतंय." मी भिंगाखाली बघायची, काही दिसायचं नाही. "तुला दिसत नसंल, मला टोचतंय." सातव्यांदा एक केसाएवढी कड सापडली आणि ती घासल्यावर ते "ठीक है" म्हणाले. त्या दिवसापासून माझी कवळी तोंडात घालून मलाच बोलतात.

माझी विमानं त्यांनी कधी हातात घेतली नाहीत. कपाटात सात उभी होती. येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, "खेळणी छान हायती." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण सासऱ्याला काय बोलणार.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे जात गेले. काचबिंदू. कळलं तोवर डावा कामातून गेला होता आणि उजव्यात मधोमध तेवढं उरलं होतं. बाजूचं सगळं काळं. किल्लीच्या भोकातून बघितल्यागत दिसतं, असं ते स्वतः सांगायचे. समोरचा माणूस दिसायचा, त्याच्या हातातला चहा नाही.

त्याच दिवसांत टीव्हीवर मिग विमानांचा निरोप समारंभ दाखवला. शेवटची विमानं सेवेतून निघणार होती. मामांनी खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर ओढली. मी भाजी निवडत मागं बसले होते. विमान पडद्यावर एका बाजूनं यायचं आणि दुसऱ्या बाजूला जायचं. मामांची मान त्याच्या मागं वळेपर्यंत ते निघून गेलेलं असायचं.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा, परत आलंय. उजवीकडं बघा."

मान वळली. तोवर परत गेलं.

"गेलं का?"

तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "बंद कर." आणि उठले. दाराची चौकट हातानं चाचपत आत गेले. मला इतकं वाईट वाटलं की भाजीचं काय केलं ते आठवत नाही. या माणसानं ती विमानं आपल्या हातानं उघडली, मिटली, आणि त्याला त्यांचं शेवटचं उड्डाणसुद्धा बघता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, थेंबांनी दाब आवरत नाही, ऑपरेशन करावं लागेल. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखण्यासाठी. आणि सांगून ठेवतो, इतकं कमी उरलेल्या डोळ्यात कधीकधी ऑपरेशननंतर तेवढंही जातं. मामांनी विचारलं, कधी करायचं. डॉक्टर म्हणाले, लवकरात लवकर. मामा म्हणाले, "येळवस झाल्यावर." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडचं घर न् घर शेतात जेवायला जातं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण मामांपुढं कुणाचं चाललंय? येळवशीनंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख ठरली.

मी त्याच दिवशी मिगचा किट मागवला. ऑपरेशनच्या आत मामांच्या हातात त्यांचं विमान द्यायचं. जे थोडं दिसतं त्यात दाखवायचं, जे दिसत नाही ते बोटांनी. आणि त्यांच्या तोंडून 'खेळणं' निघता कामा नये. हे मी मनाशी ठरवलं आणि मग मी कुणाचं ऐकलं नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात लातुरात स्प्रेनं रंग मारणं म्हणजे डोक्याला ताप. रंग विमानापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पंखावर रव्यागत बसतो. म्हणून मी पहाटे उजाडताना गच्चीवर रंगवायची. स्प्रेची बंदूक दर वेळी धुवावी लागते, आणि आमच्या नळाला पाणी रोज येत नाही हे आख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नवरा म्हणाला, "लोक पाण्यासाठी हंडे घेऊन फिरतात आणि तू विमानं धू." मी म्हटलं, तुमची गाडी दर रविवारी धुता ती कशानं, गोमूत्रानं? तेव्हापासून विषय बंद.

मी जीव ओतला. मिगच्या नाकावर एक लांब नळी असते, वाऱ्याचा वेग मोजायची. मामांच्या वेळच्या विमानाला ती मधोमध नसून किंचित उजवीकडं होती. किटमधली जाड वाटली म्हणून मी दात सरळ करायच्या तारेची केली. चाकांच्या खोबणीत नळ्या घातल्या. पाठीवरचा जोड मारला, पोटाखालचा मारला. पंख संपतात तिथं धडाभोवती एक गोल चर होता, बांगडी घातल्यागत. तो जरा रुंद होता. मला वाटलं, साच्याचा दोष. बाकीच्या बारीक रेघा घासताना पुसल्या त्या परत कोरल्या, आणि हा चर तेवढा भरून गुळगुळीत केला. नख फिरवलं. कुठं म्हणजे कुठं अडकलं नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी मामांना गच्चीवर नेलं. टेबलावर विमान ठेवलं. म्हटलं, "मामा, मिग आणलंय."

त्यांनी लगेच हात लावला नाही. खाली गेले, साबणानं हात धुतले, बोटातली अंगठी काढून ठेवली आणि मग वर आले. जिना त्यांना जड जायचा, तरी. विमानाला अंगठी घालून हात लावायचा नाही ही त्यांची सवय होती. मला आतून भरून आलं, कारण खेळण्यासाठी कुणी अंगठी काढत नाही.

बोटं नाकापासून निघाली. नळीवर थांबली. "हां. उजवीकडं हाय." कॉकपिटची काच, पंखाचं मूळ, पंखाची कड, चाकांची दारं. मग अंगठा पंखाच्या मागं गेला आणि थबकला. एकदा धडाभोवती फिरला, मग उलटा, मग परत पुढं-मागं.

"शेपटी कुठून निघती?"

"निघत न्हाई मामा. चिकटवलीय."

"निघत न्हाई म्हंजे? इंजिन कसं काढायचं मग?"

"यात इंजिन नसतं. आतून पोकळ हाय."

त्यांनी विमान अलगद खाली ठेवलं. "पोरी, ह्या विमानाचं इंजिन काढायचं तर आख्खी शेपटी मागं ओढावी लागती. हितं जोड हाय. भोवतीनं बोल्ट हायती. पायलटला विमान आभाळात दिसतं, मला ते दोन तुकड्यांत दिसायचं. माझी सगळी नोकरी ह्या जोडावर गेली, आन तू तोच बुजवला. काम साफ हाय. पर ह्याच्यावर मी सही केली नसती."

सहीचं असं आहे. विमानावर काम करणारा प्रत्येक फिटर काम संपलं की कागदावर सही करतो. मी केलंय, बरोबर केलंय, काही झालं तर जबाबदार मी. सगळ्या सह्या झाल्याशिवाय विमान धावपट्टीकडं जात नाही. मामा हे आम्हाला लग्नापासून सांगत आलेत. मुलाची मार्कशीट असो की गॅसच्या शेगडीची दुरुस्ती, "ह्याच्यावर सही कोण करणार" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. सहा आठवडे पहाटे उठले, बोटं सोलली, नळी उजवीकडं केली, आणि हा माणूस एका चरावरनं मला नापास करतो. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी तुरीच्या राखणीला म्हणून ते गावाकडं निघून गेले. डोळे असे, आणि राखण कसली करणार? पण येळवशीपर्यंत तिकडंच राहतो म्हणाले. मी डबा भरून दिला, "जपून जा" म्हटलं, आणि विमान कपाटात मागच्या रांगेत ढकललं.

आठवडाभरानं एक कवळी परत आली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पेशंट म्हणतो दिसायला छान, पण माझी वाटत नाही.' मी ती हातात घेऊन बसले आणि मला माझीच लाज वाटली. सात वेळा कवळी परत आणणारा माणूस विमानातही टोचतंय म्हणाला, आणि मला चूक दिसत नाही म्हणून मी रुसून बसले होते. ज्याच्या तोंडात जायची त्याला कळतं, हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना सांगते. येळवस पाच आठवड्यांवर होती.

त्याच आठवड्यात मी विमान खोक्यात घातलं आणि माहेरी जाते म्हणून नांदेडला गेले. स्टँडवरनं सरळ चाचांच्या लॅबमध्ये. चाचांना आता कमी ऐकू येतं, हात मात्र स्थिर आहेत. त्यांनी विमान फिरवून-फिरवून बघितलं, नख फिरवलं.

"माशाल्ला. जोड कुठंच नाही."

"तेच चुकलंय चाचा. इथं जोड पाहिजे होता." मी सगळं सांगितलं.

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मैंने ही सिखाया तेरे को, अब भुगत." हसणं थांबल्यावर त्यांनी ड्रॉवरमधनं प्लास्टरचे दात सुटे करायची करवत काढली. कागदाएवढं पातळ पातं. "विमान म्हणून बघू नको. निघणारा ब्रिज म्हणून बघ. आत एक नळीसारखी बाही बसव, तिच्यावर शेपटी सरकली पाहिजे. ढिली नको, घट्ट पण नको. इतने साल यही तो किया तूने."

मी नवा किट मागवावा असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. कशाला तयार विमान कापतेस, दुसरं आण, त्यात जोड ठेव. दुसरं येऊन रंगेपर्यंत येळवस निघून गेली असती, आणि खरं सांगायचं तर मला तेच दुरुस्त करायचं होतं. मामांनी बोट ठेवलेलं.

लॅबच्या टेबलावर, दुपारी, दार लावून मी विमान वाळूच्या पिशवीवर ठेवलं. धडाभोवती चिकटपट्टीचा एक वेढा दिला, त्याच्या कडेनं करवत चालवायची म्हणून. पहिल्या घासाला रंगाचा टवका उडाला. सहा आठवड्यांचं काम माझ्याच हातानं कापून राहिले होते. मग मी विचार करणं बंद केलं आणि करवत चालवली. अर्धा तास लागला. शेपटी सुटून हातात आली तेव्हा आत बघितलं. पांढरं, पोकळ, आणि मधे सुकलेल्या गोंदाचे थेंब. मामांनी बाहेरून नुसता अंगठा फिरवून नेमकी हीच जागा धरली होती.

आता इंजिन. ते किती जाड, किती लांब, हे मला ठाऊक नव्हतं. इंटरनेटवर फोटो होते, पण जे मामांच्या हाताला आठवतं ते फोटोत नसतं. मानपान बाजूला ठेवून मी गावाकडं फोन लावला.

"मामा, ते इंजिन केवढं असतं?"

ज्यांचा फोन मिनिटात संपतो ते मामा मग अर्धा तास बोलले. कवेत मावायचं न्हाई, दोघं लागायचे. पुढचा भाग बारीक, मागं लांब नळकांडं. कोणता पाइप कुठनं जातो. बोल्ट किती, तो आकडा त्यांनी न अडखळता सांगितला. ट्रॉलीवर शेपटी मागं घेताना एक जण आत वाकून बघत राहायचा, कुठं घासू नये म्हणून, आणि तो एक जण कायम तेच असायचे. का विचारतेस, हे त्यांनी विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "नीट बसल्याबिगर दाबायचं न्हाई."

इंजिन मी कवळीसारखं केलं. मेणात कोरलं, प्लास्टरमध्ये साचा घेतला, मेण वितळवून काढलं आणि त्या जागी कवळीचं प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रेलिक भरलं. लॅबमध्ये अ‍ॅक्रेलिक हिरड्यांच्याच रंगाचं, म्हणून इंजिन निघालं गुलाबी. नवरा पोट धरून हसला. पहिल्यात घाई केली, बुडबुडे आले. दुसरं जाड झालं, शेपटी आत जाईना. मी दाबलं नाही. मोडून टाकलं. तिसरं घासून-घासून बसवलं, चंदेरी रंगवलं, आतली बाही केली आणि जोडाभोवती तारेचे बारीक तुकडे बसवले, बोल्ट म्हणून. मोजून, मामांच्या आकड्याइतके. त्यातले चार उडून फरशीवर गेले. ते शोधायला मी लॅब झाडून काढली, तीनच सापडले, चौथा परत कापला. शेपटी लावायची, काढायची, लावायची. दोनशे वेळा तरी केलं असेल. शेवटी ती अशी बसायला लागली की जोड दिसायचा, नखाला कळायचा, आणि हलायचा नाही.

येळवशीच्या सकाळी नवरा आणि पोरं गाडीनं पुढं गेली. गाडीतल्या हादऱ्यांचा मला भरवसा नव्हता आणि मागच्या सीटवर ताकातल्या आंबिलीच्या घागरी होत्या. मी खोकं मांडीवर घेऊन एसटीनं औशाला गेले. कंडक्टरनं विचारलं, "केक हाय का?"

"विमान हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तिकीट फाडलं आणि पुढं गेला. औशाहून दीर मोटारसायकलवर न्यायला आले होते. मी म्हटलं, स्पीड दहाच्या वर न्यायचा नाही.

शेतात कडब्याची खोप उभी केलेली, पूजा झालेली. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, पंचवीस माणसं पंगतीला. मामा आंब्याखाली बसले होते. तुरीचं एक शेत पलीकडं उभं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं, पण तोंड त्याच दिशेनं होतं. मी जेवले की नाही मला आठवत नाही. ऊन डोक्यावरून जरा कललं, माणसं लवंडली, तेव्हा खोकं घेऊन त्यांच्यापुढं बसले.

"मामा, परत आणलंय."

ते उठले. विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यावर हात धुतले, धोतराला न पुसता तसेच वाळू दिले. अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

या वेळी त्यांनी नाकाकडून सुरुवात केली नाही. अंगठा सरळ पंखाच्या मागं गेला. जोडावर टेकला. नखानं एक-एक बोल्ट मोजत पूर्ण वेढा घेतला, ओठ हलत होते. मग विमानाचं पुढचं अंग माझ्याकडं केलं. "धर. हालवू नगं." मी धरलं. त्यांनी शेपटी दोन्ही हातांच्या बोटांत घेतली आणि मागं ओढली, इतकी हळू की मला वाटलं निघतच नाही. निघाली. इंजिन उघडं पडलं. ते वाकले, किल्लीच्या भोकाएवढ्या नजरेपुढं ते इंजिन आणलं आणि बघत राहिले. पाइपवरून बोट फिरवलं. मला रडू येऊन राहिलं होतं, पण हात हलवायचा नव्हता.

"कशाचं केलंस?"

"कवळीचं."

ते तोंडातल्या कवळीसकट हसले. मग शेपटी परत जोडाशी आणली, एक डोळा आत लावून, कुठं घासू नये म्हणून. नीट बसेपर्यंत दाबली नाही. बसली. अंगठा परत जोडावरून गेला.

"कागद दे."

कागद कुठला? माझ्या पिशवीत लॅबची चिठ्ठी होती, पेशंटचं नाव, दाताचा नंबर, रंग, अशा रकान्यांची. मी ती आणि पेन पुढं केलं. "पैली तुझी. काम तुझं, सही तुझी." मी केली. मग त्यांनी पेन घेतलं, पण ओळ कुठं आहे ते दिसेना. मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. सही झाली, थोडी माझ्या सहीवर चढली. त्यांनी चिठ्ठी माझ्याकडं दिली आणि विमान पोटाखालून धरून उचललं.

बाकीची माणसं झोपली होती किंवा झोपल्याचं सोंग करत होती. मामांनी विमान हात लांब करून डोळ्यापुढं आणलं आणि डावीकडून उजवीकडं न्यायला लागले, हळूहळू, मान त्याच्याबरोबर वळवत. तुरीच्या वरनं, विहिरीच्या वरनं, खोपीच्या वरनं. मग उजवीकडून परत डावीकडं. हात त्यांचाच होता, म्हणून ते नजरेतून सुटत नव्हतं. मी अंगठी मुठीत धरून शेजारी बसले होते. त्या दुपारी त्यांनी एकदाही विचारलं नाही, गेलं का म्हणून.